दाणे, पट्टे आणि तांबट आळीतलं घंगाळ

माझ्या लॅपटॉपमध्ये स्पितीचे साडेचारशे फोटो आहेत, हंपीचे सहाशे आणि एका कंटाळलेल्या बगळ्याचे नव्वद. विश्रांतवाडीच्या माझ्या फ्लॅटपासून तासाभरात पोचता येतं त्या तांबट आळीचा मात्र परवापरवापर्यंत एकही नव्हता. सोळा वर्षांपूर्वी यवतमाळहून पुण्यात आले, नोकरीला लागले, पुण्याला नावं ठेवायला शिकले. पण पेठांमध्ये जायचे ते फक्त पाहुण्यांना गणपती दाखवायला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

तर हे प्रवासवर्णन पुण्यातून पुण्यात जाण्याचं आहे. एका आठवड्यात तीन फेऱ्या झाल्या, त्यातल्या पहिल्या फेरीत मी एक घोळ घातला आणि उरलेल्या दोन तो निस्तरण्यात गेल्या. कमी उजेडात फोटो काढताना दाणे आणि पट्टे येतात म्हणून वैतागणाऱ्या सगळ्यांना ही पोस्ट उपयोगी पडेल. बाकीच्यांनी घंगाळासाठी वाचावी.

निमित्त झाली मेघना. आम्ही एकाच कंपनीत आहोत. ती कोड लिहिते आणि मी त्यातल्या चुका शोधते, तरीही आम्ही डबा एकत्र खातो. तिचं सासर तांबट आळीतलं. एका दुपारी मेथीची भाजी माझ्या झाकणात वाढता वाढता ती म्हणाली, "पल्लवी, तू फोटो काढतेस ना गं? म्हणजे, प्रॉपर कॅमेऱ्याने?"

कोकणातल्या एका रिसॉर्टच्या मालकीणबाईंना हाताने ठोकलेली तांब्याची घंगाळं हवी होती. अंघोळीसाठी नाही, वॉशबेसिन म्हणून बसवायला. मेघनाच्या सासऱ्यांनी, वसंतकाकांनी, नमुन्याचं एक घंगाळ करून ठेवलं होतं. बाईंची अट एकच होती की मशीनवर दाबून काढलेलं नको, आणि त्या फोटो बघून ठरवणार होत्या.

"हे काम आलं तर बाबा हातोडी चालू ठेवतील," मेघना म्हणाली. "नाहीतर संक्रांतीनंतर गाळा भाड्याने जाणार. पार्सलवाल्यांना गोडाऊन हवंय. बाबा स्वतःच म्हणाले, हे शेवटचं बघू."

डब्यातली भाजी संपायच्या आत मी हो म्हणून बसले होते.

शनिवारी सकाळी विश्रांतवाडीहून मनपाची, म्हणजे महापालिका भवनाकडे जाणारी बस पकडली. तुम्ही जाणार असाल तर गाडी अजिबात नेऊ नका. तांबट आळी कसबा पेठेत आहे, आणि कसब्यात गाडी लावायला जागा मिळणं हा वेगळ्या पोस्टचा विषय आहे. मनपाला उतरायचं, नवा पूल ओलांडायचा आणि शनिवारवाडा उजव्या हाताला आला की डावीकडे कसब्यात शिरायचं. रस्ता विचाराल तर लोक सांगतात, पण आधी तुम्हाला तो माहीत नसल्याबद्दल थोडं वाईट वाटून घेतात. एका किराणा दुकानदाराने मला म्हटलं, "तांबट आळी? कान आहेत ना? मग सरळ जा."

खरोखर आळी दिसायच्या आधी ऐकू येते. टण टण टण, मग दुसरीकडून जरा जाड टण, मग तिसरीकडून भराभर. पाच-सहा गाळ्यांतून एकाच वेळी तांबं ठोकलं जात होतं. पायाखालची फरशीसुद्धा बारीक थरथरत होती, आणि त्या सगळ्यात एक मांजर स्कूटरच्या सीटवर गाढ झोपलं होतं.

वसंतकाका सत्तरीचे आहेत. अंगात बनियन, चष्म्याला मागून दोरी. मला दारात पाहून म्हणाले, "या. चपला बाहेर, कॅमेरा आत."

गाळा बोगद्यासारखा लांबट. भिंती काजळलेल्या, छताला एक एलईडी ट्यूब, मध्यभागी जमिनीत पुरलेला एक लोखंडी दांडा. काका खाली बसून त्या दांड्यावर एक तांब्या चढवून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने बाहेरून ठोकत होते. याला मठारणं म्हणतात. भांड्याचा आकार तयार झाल्यावर शेवटी हे करायचं, म्हणजे तांबं टणक होतं आणि लकाकतं. एका ठोक्याने हरभऱ्याच्या डाळीएवढा एक चपटा चमकता ठिपका उमटतो. त्याला चिकटून दुसरा, त्याला चिकटून तिसरा. अशी एक ओळ भांड्याभोवती फिरून येते आणि मग तिच्या वर दुसरी.

मी दहा मिनिटं कॅमेरा बाहेरच काढला नाही. नुसती बघत बसले. हातोडी दर वेळी बरोबर आधीच्या ठिपक्याच्या कडेला पडत होती. हा माणूस डोळ्यांनी बघून मारत होता की हाताला आपोआप कळत होतं, मला सांगता येणार नाही. मला भाजी कापताना दोन फोडी सारख्या येत नाहीत.

"काका, ओळ आधी आखून घेता का?"

"आखली की हात आखणीकडे बघतो. भांड्याकडे कोण बघणार?"

"एका घंगाळावर साधारण किती ठोके बसत असतील?"

"मोजत बसलो तर ठोकायचे कुणी?"

नमुन्याचं घंगाळ त्यांनी चिंचेने घासून ठेवलं होतं. दोन्ही बाजूंना कड्या, पोट गरगरीत, आणि गळ्यापासून तळापर्यंत ठिपकेच ठिपके. "आमच्या घंगाळात माणसं अंघोळ करायची," काका म्हणाले. "आता नुसतं तोंड धुणार. प्रगती आहे."

आता माझा घोळ. म्हातारा माणूस एवढ्या तंद्रीत काम करतोय, आपल्या कॅमेऱ्याच्या खटखटीने त्याचं लक्ष कशाला विचलित करा, असा सुसंस्कृत विचार करून मी कॅमेऱ्याचं सायलेंट शटर चालू केलं. सहा हातोड्या कानठळ्या बसवत होत्या आणि मी माझ्या कॅमेऱ्याचा आवाज होऊ नये म्हणून काळजी घेत होते! हे मेघनाला नंतर सांगितलं तर ती खुर्चीतून पडायची राहिली.

गाळ्यात अंधार, म्हणून आयएसओ भरपूर वाढवला. नवख्यांसाठी सांगते, आयएसओ वाढवला की कॅमेऱ्याला कमी उजेडात जास्त दिसतं, पण फोटोभर बारीक रवा सांडल्यासारखे दाणे येतात. नंतर काढू साफ, म्हटलं. दोनशे फोटो काढले, काकांनी दिलेला गोड चहा प्यायले आणि येताना कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिसळ खाल्ली. "थोडी शेव जास्त मिळेल का?" असं विचारलं तर मालक म्हणाले, "आधी दिलेली संपवा, मग इच्छा राहते का बघू." नाही राहिली, इतकी झणझणीत होती. दोघांना पुरेल एवढं ताट आणि खिशाला मुळीच जड नाही.

रविवारी दुपारी लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला. फोटोंवर आडवे पट्टे होते, एक उजळ, एक काळपट, पुन्हा एक उजळ. घंगाळाने पट्ट्यापट्ट्यांची लुंगी नेसल्यासारखं दिसत होतं. कारण असं की एलईडी ट्यूब सतत पेटलेली दिसते, पण आपल्याला कळणार नाही इतक्या वेगाने ती उघडझाप करत असते. सायलेंट शटर चित्र एकदम घेत नाही, वरून खाली एकेक ओळ वाचत येतं. वाचताना दिवा उजळ असेल तर ती ओळ उजळ, मंद असेल तर मंद. वर दाण्यांचा रवा होताच.

पण मी पेशाने चुका शोधणारी बाई. पट्टे ब्रशने एकेक करून पुसले. मग दाणे घालवायचा स्लायडर उजवीकडे ओढला. दाणे कमी झाले. आणखी ओढला. आणखी. तीन तासांनी घंगाळ असं स्वच्छ, नितळ, मऊ दिसायला लागलं की मी स्वतःच्या खांद्यावर थाप मारायचीच बाकी होती. मेघनाला चार फोटो पाठवले. तिचं उत्तर लगेच आलं, "वॉव! एकदम कॅटलॉग!" आणि तिने ते तसेच पुढे पाठवले.

मंगळवारी डबा खाताना तिने फोन माझ्यापुढे सरकवला. रिसॉर्टच्या बाईंनी लिहिलं होतं, 'फोटो सुंदर आहेत. पण आम्हाला हाताने घडवलेलं हवं होतं. हे मशीनचं दिसतंय. क्षमस्व.'

"बाबांना दाखवलेस फोटो?" मी विचारलं.

"दाखवले."

"काय म्हणाले?"

मेघनाने डब्याचं झाकण लावलं. "चष्मा लावून नीट बघितले. म्हणाले, घंगाळ छान आहे. कुणाचं आहे?"

माझा डबा तसाच राहिला. घरी येऊन मूळ फोटो आणि साफ केलेला फोटो शेजारीशेजारी ठेवले. मूळ फोटोत पट्टे होते, दाणे होते, आणि त्या सगळ्या गदारोळातून ठोक्यांचे ठिपके क्षीणपणे का होईना, दिसत होते. साफ केलेल्यात एकही नव्हता. सॉफ्टवेअरला दाणा कुठला आणि ठोका कुठला हे कळत नाही. दोन्ही बारीक, दोन्ही उजळ-काळे, म्हणून त्याने दोन्ही झाडून काढले. त्याला का दोष द्या, स्लायडर मीच ओढला होता. त्या माणसाने आठ दिवस बसून केलेलं काम मी तीन तासांत पुसून टाकलं होतं, आणि वर कौतुकाची वाट बघत बसले होते. मला फार लाज वाटली.

मेघनाने बाईंना फोन केला, चूक फोटोची आहे म्हणून सांगितलं, आणि रविवारपर्यंत मुदत मागून घेतली. मी गुरुवारची रजा टाकली. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काऊन वं, फोटो काढाले सुट्टी घेते काय तू?"

गुरुवारी पुन्हा तीच बस, तोच पूल. किराणा दुकानापाशी आले तरी काही ऐकू येईना. आळीत शिरले तर सगळी शटरं खाली. वसंतकाका गाळ्याच्या पायरीवर पेपर वाचत बसले होते.

"काका, आज बंद?"

"अमावास्या आहे. अमावास्येला आम्ही हातोडी उचलत नाही. घरी कॅलेंडर आहे ना?"

"आहे."

"मग त्यावर फक्त दूधवाल्याचे खाडे लिहिता का?"

मेघनाला वाटलं होतं मला माहीत असेल. मला वाटलं होतं ती सांगेल. फोटोंबद्दल मी माफी मागितली. काकांनी पेपरची घडी घातली आणि म्हणाले, "तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत? मलाही वाटून गेलं, आपलं काम इतकं गुळगुळीत कधी झालं! आलाच आहात तर मंडईत जाऊन या. मटार आलाय."

गेले. कसब्याहून मंडई मेट्रोने एक स्टेशन आहे; तिकीट रिक्षाच्या सुरुवातीच्या मीटरपेक्षा स्वस्त आणि जमिनीखालचा प्रवास इतका झटपट की बसायला जागा शोधेपर्यंत उतरायची वेळ येते. मंडईची दगडी इमारत मी बाहेरून शंभरदा पाहिली असेल. आत मान वर करून पहिल्यांदाच पाहिलं. एवढं उंच छत, त्यातून झिरपणारा करडा उजेड, आणि खाली ओट्यांवर रचलेल्या टोमॅटोंच्या, मुळ्यांच्या, लाल गाजरांच्या राशी. लोक इथे रोज येऊन पिशवी भरून खाली मान घालून निघून जातात. मी मात्र खांबाला टेकून उभी राहिले, आणि दोघातिघांनी "ताई, सरका" म्हटल्यावर सरकले.

प्रत्येक ओट्यावर एकेक एलईडी दिवा लोंबत होता. म्हटलं, प्रयोग करून बघावा. एका मावशींना विचारून त्यांच्या कोथिंबिरीचा फोटो सायलेंट शटरवर काढला आणि दाखवला.

"अगं बाई, माझ्या कोथिंबिरीला पट्टे कुठनं आले?" मावशी म्हणाल्या. "ताई, हा फोटो कुणाला दाखवू नका हं. गिऱ्हाईक पळंल."

सायलेंट बंद करून साधं शटर लावलं, वेळही जरा वाढवला. पट्टे गायब. म्हणजे अर्धं कोडं सुटलं. उरले दाणे.

तेवढ्यात कापडी पिशवीवाले एक आजोबा आले. त्यांनी मावशींच्या ढिगातलं एक वांगं उचललं आणि कोणाशी काही न बोलता तडक दारापर्यंत चालत गेले. तिथे त्यांनी वांगं उजेडात तिरकं धरलं, फिरवलं, परत आले, ते ठेवून दुसरं घेऊन गेले.

"रोजचंय त्यांचं," मावशी म्हणाल्या. "अर्धा किलो वांग्यांना माझ्या दारापर्यंत दहा फेऱ्या."

मी न राहवून आजोबांना विचारलं, "इथे दिव्याखाली नाही का दिसत?"

"दिव्याखाली सगळीच वांगी चांगली दिसतात," आजोबा म्हणाले. "म्हणून तर दिवा लावलाय. भोक बघायचं तर उजेड बाजूने पाहिजे."

मावशींनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने एक किलो मटार घेतला. पण माझ्या डोक्यात उजेड पडला होता. डोक्यावरची ट्यूब घंगाळावर सपाट प्रकाश टाकते, त्यात ठोके दबतात. उजेड बाजूने आला तर प्रत्येक ठिपक्याची एक कड चमकेल आणि दुसरीची सावली पडेल. मटाराची पिशवी सांभाळत मी धावतपळत तांबट आळीत परतले. काका अजून पायरीवरच होते.

"काका, तुम्ही स्वतः भांडं तपासता ते कुठे? ट्यूबखाली?"

"ट्यूब मेघनाने लावलीय, पावती लिहायला. मी दारात तपासतो. सकाळी साडेदहाला समोरच्या घरांच्या फटीतून ऊन तिरकं आत येतं. पंधरा-वीस मिनिटं. त्यात चूक लपत नाही." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तुम्ही गेल्या शनिवारी विचारलं असतंत तर मी गेल्या शनिवारी सांगितलं असतं."

तिसरी फेरी शनिवारी. मेघनाही होती. नऊलाच पोचले, बरोबर ट्रायपॉड. हातोड्या पुन्हा सुरू झालेल्या पाहून मला इतकं बरं वाटलं की मी त्या मांजरालाही नमस्कार केला. साडेदहाला अवकाश होता, म्हणून आधी घंगाळ सरळ बाहेर उन्हात ठेवून पाहिलं. ही चूक तुम्ही करू नका. उन्हात तांब्याचा आरसा होतो. त्यात आकाश, विजेच्या तारा, दोन स्कूटर आणि माझा पिवळा कुर्ता हे सगळं दिसत होतं. ठोके तेवढे दिसत नव्हते.

साडेदहा वाजता ऊन आलं. दाराच्या डाव्या चौकटीला घासून, हातभर रुंद, आडवं. मेघनाने ट्यूब बंद केली, काकांनी घंगाळ त्या पट्ट्यात सरकवलं, आणि मी तोंडात बोट घालायची राहिले. ते सगळं पोट जागं झालं होतं! एकेक ठोका वेगळा. गळ्याशी बारीक, पोटावर ऐसपैस, कड्यांपाशी वळणारे. मी डोळ्यांनी बघत होते तरी विश्वास बसत नव्हता की गेल्या शनिवारी हेच भांडं माझ्यासमोर होतं.

आयएसओ अगदी खाली आणला, म्हणजे दाणे नाममात्र. पण मग घंगाळाची अंधारातली बाजूही दिसेल इतका उजेड साठवायला कॅमेऱ्याला अर्धा सेकंद लागत होता आणि तेवढा वेळ काहीही हलायला नको होतं. पहिला फोटो काढला. मोठा करून बघितला तर सगळं अस्पष्ट. दुसरा, तसाच. ट्रायपॉडच्या पायाला हात लावला आणि कळलं. काकांनी दांड्यावरचा तांब्या अर्ध्या ओळीत सोडून हातोडी खाली ठेवली होती, पण आळीतल्या बाकी पाच हातोड्यांनी जमीन थरथरत होती. आयएसओ पुन्हा वाढवून पटकन फोटो काढता आला असता, पण मग दाणे परत, आणि मग स्लायडर, आणि माझा माझ्यावर भरवसा उरला नव्हता.

"बाकीचे जेवायला कधी थांबतात?" मी विचारलं.

"एकला," मेघना म्हणाली. "पण ऊन पावणेअकरालाच जाणार."

"मग दोन मिनिटं थांबायला सांगूया का सगळ्यांना?"

मेघना सासऱ्यांकडे बघायला लागली. काकांनी दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "तसं सांगत नाहीत हो. या आळीत भर कामाच्या वेळी ठोका थांबतो तो कोणी गेलं तरच. माझे वडील गेले तेव्हा थांबला होता. त्यानंतरही थांबला, पण उगाच कधी नाही."

ऊन फरशीवरून बोटभर पुढे सरकलं होतं. काकांनी घंगाळाकडे बघितलं, एकदा माझ्या कॅमेऱ्याकडे बघितलं, खुंटीवरचा पंचा काढला आणि बाहेर गेले. ते प्रत्येक गाळ्याच्या दारात जाऊन काहीतरी बोलताना दिसले. एका ठिकाणी जरा हुज्जत झाली. मग ते गल्लीच्या मधोमध येऊन उभे राहिले आणि त्यांनी पंचा धरलेला हात वर केला. माझ्याकडे बघून मान हलवली, आणि हात खाली आणला.

सगळ्या हातोड्या थांबल्या.

मी हिमालयात शांतता ऐकली आहे. पण तिथे ती आधीपासूनच असते. इथे ती सहा माणसांनी हात आवरून मला दिली होती. कुठेतरी कुकरची शिटी झाली, दूर शिवाजी रस्त्यावर बस गुरगुरली. पायाखालची फरशी पहिल्यांदाच स्थिर झाली. बटण दाबतानाही कॅमेरा हलू नये म्हणून टायमर लावला आणि कॅमेऱ्यापासून दोन पावलं मागे सरले. एक फोटो. दुसरा. तिसरा.

समोरच्या घराची वरची खिडकी धाडकन उघडली. एका आजींनी डोकं बाहेर काढलं. चेहरा पांढराफटक. "अहो वसंतराव, कोण गेलं?"

"कोणी नाही हो," काका वर बघून म्हणाले. "घंगाळाचा फोटो चाललाय."

"घंगाळाचा?" आजी म्हणाल्या. "माझा जीव गेला असता की!"

"मग थांबवलेलं सार्थकी लागलं असतं," काका म्हणाले, आणि पंचा खांद्यावर टाकून आत आले. एका गाळ्यातून हसण्याचा आवाज आला, मग एक टण, मग दुसरा, आणि आळी पुन्हा पहिल्यासारखी सुरू झाली.

मी फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून काकांपुढे धरला. त्यांनी चष्म्याची दोरी सारखी केली आणि बराच वेळ बघत राहिले. मग बोट टेकवून म्हणाले, "हं. हे माझं." बोट पुढे सरकलं. "हे बघा, खालून तिसऱ्या ओळीत ठोके दाटलेत. इथे चहा आला होता, घाई केली. आणि हे इथे एकावर एक दोन पडलेत ना? मेघनाने हाक मारली."

"बाबा, खरंच दिसतं असं?" मेघना वाकून बघायला लागली.

"तुला नाही दिसत. मला हाक आठवते ना."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. मला घंगाळावर नक्षी दिसत होती आणि ते त्यावर अख्खा आठवडा वाचत होते. सोळा वर्षं मी लोकांच्या कामातल्या चुका शोधून लाल खुणा करत आले. चूक अशी हक्काने, प्रेमाने ओळखणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला.

"हे काळोखात बारीक रेतीसारखं काय आहे?" त्यांनी कोपऱ्यातल्या सावलीवर बोट ठेवलं.

"ते कॅमेऱ्याचे दाणे. थोडे उरतातच. घरी जाऊन काढू?"

"नको," काका घाईघाईने म्हणाले. "तुम्ही काही काढू नका."

काढले नाहीत. फोटो जसा होता तसा मेघनाने तिथूनच पाठवला. काका म्हणाले ते चहाचं आणि हाकेचंही तिने खाली लिहिलं. मी म्हटलं, "अगं, चुका कशाला सांगतेस?" तर ती म्हणाली, "बाबांनी लपवल्या नाहीत, मी का लपवू?"

निघताना मी तो तांब्या विकत मागितला, दांड्यावर चढवलेला. तो पहिल्या शनिवारपासून काकांच्या हाताखाली होता आणि आज संपत आला होता. त्यांनी उरलेली दीड ओळ पूर्ण करून तो चिंचेने घासून पेपरात गुंडाळून दिला. बस रिकामी मिळाली. मी तो मांडीवर घेऊन बसले.

रविवारी दुपारी मेघनाचा फोन आला. ती बोलायच्या आधी मागून टण टण ऐकू येत होतं. रविवार असून.

"उत्तर आलं?"

"वाचते. 'बावीस घंगाळं हवीत. घाई नाही. पण प्रत्येकावर चहा आलेला दिसला पाहिजे.'" मग ती हसता हसता रडायलाच लागली. "बाबांना सांगितलं तर म्हणाले, म्हणजे बावीस कप चहा तू करणार. आणि बसलेत बघ ठोकायला. गोडाऊनवाल्याला नाही म्हणून कळवलंसुद्धा."

जाणार असाल तर थोडक्यात सांगते. कॅलेंडर बघून जा. साडेदहाच्या आधी पोचा. विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका, आणि काढलात तर सायलेंट शटर बंद ठेवा. तिथे तुमचा आवाज कोणालाही ऐकू जाणार नाही. ट्यूबखाली काढू नका, उजेड बाजूने घ्या. दाणे घालवायचा स्लायडर ओढायच्या आधी आपण काय पुसतोय ते एकदा मोठं करून बघा. आणि आळीला दोन मिनिटं थांबायला मात्र सांगू नका. ते एकदाच झालं, माझ्यासाठी, आणि मी ते विसरणार नाही.

तांब्या आता स्वयंपाकघरात खिडकीशी असतो. रोज सकाळी ऊन बाजूने येतं तेव्हा मी तो फिरवून बघते. ठोक्यांची ओळ सरळ जाते, सरळ जाते, आणि गळ्याच्या जरा खाली एका ठिकाणी गव्हाच्या दाण्याएवढी जागा सुटली आहे. त्यापुढे ओळ पुन्हा सुरू होते, किंचित वरून. पाणी ओतताना माझा अंगठा बरोबर तिथेच पडतो. आळी थांबली त्या शनिवारी काकांनी हातोडी तिथे खाली ठेवली होती.